आवाज थांबला की

घोरण्याचा मला त्रास होतो, असं मी आजवर कधीही म्हटलेलं नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण सासरच्या गोतावळ्यात माझ्या नावावर हेच खपवलं जातं: नवरा घोरतो म्हणून बाईनं घर डोक्यावर घेतलं. मी भिवंडी शहरातली. आमच्या घराच्या मागच्या भिंतीला लागूनच वडिलांचा लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, कारखाना होता. भिंत नावापुरतीच. लूमचा खडखडाट सरळ आमच्या गादीत उतरायचा, फडताळातली भांडी हलायची, आणि त्यातच आम्ही भावंडांनी पाढे पाठ केले. त्यापुढे एका नवऱ्याच्या नाकाची काय बिशाद?

लूमच्या घरातली माणसं आवाजानं उठत नाहीत, आवाज थांबला की उठतात. लाईट गेली की सगळ्या मोहल्ल्यावर एकदम शांतता पडायची आणि घरोघरी माणसं दचकून अंथरुणात उठून बसायची. वडील तर त्याच्याही पुढचे. सगळे लूम चालू असताना त्यातला एकच थांबला, तरी डोळे न उघडता म्हणायचे, "कोपऱ्यातला बंद पडला." धागा तुटला असेल नाहीतर शटल अडकली असेल, पण थांबला म्हणजे काहीतरी बिघडलं, हे आम्हाला कुणी शिकवावं लागलं नाही. या शिक्षणाबरोबर मोठ्यानं बोलायची खोडही फुकट मिळाली.

तर अशी मी लग्न होऊन हायवेवरच्या वडपे गावात आले. सासरची भातशेती केव्हाच गोदामांखाली गेली होती. भाड्यावर घर चालतं. आमचे हे गोदामांची देखरेख करतात, म्हणजे गाडीत बसून एका गोदामातून दुसऱ्या गोदामात जातात आणि दोन्हीकडे चहा पितात. सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात शेजारणीला सांगून टाकलं, "लूमची पोर हाय. हळू बोलायचं म्हायतच न्हाय तिला." मी आतून ओरडून म्हटलं, "ऐकू येतंय हो आई." तेव्हापासून आमचं दोघींचं बरं जमलं.

सासऱ्यांना मी पाहिलं ते हार घातलेल्या फोटोत. माझ्या लग्नाआधीच ते गेले होते, आणि ते कसे गेले हा त्या घरातला अभिमानाचा विषय होता. झोपेत गेले. हॉस्पिटल नाही, नळ्या नाहीत, कुणाला उठबस करायला लावली नाही. दर पितृपक्षात त्यांच्या तिथीला पानं वाढली की माझे चुलत सासरे सुरुवात करायचे, "पुण्यवान माणूस!" मग पंगतीतला एकेक जण आपापली भर घालायचा, आणि शेवट ठरल्याप्रमाणे सासूबाईंचा असायचा: "मी बाजूलाच व्हते. मला कळलंसुद्धा न्हाय." हे त्या अशा काही थाटात म्हणायच्या, जणू नवऱ्यानं जाता जाता त्यांना पैठणी घेऊन दिली होती.

सासरे घोरायचेही तसेच जोरात, असं सगळे कौतुकानं सांगायचे. वारसाहक्कानं जमिनीबरोबर तेही आमच्या ह्यांच्याकडे आलं. जमिनीला वाटेकरी निघाले, घोरण्याला मात्र कुणी निघाला नाही.

पहिली काही वर्षं मला त्या आवाजात माहेरी असल्यासारखी छान झोप लागायची. पुढे ह्यांचं पोट वाढलं, मान आखूड झाली, आणि घोरणं मध्येच थांबायला लागलं. थांबलं की मी टक्क जागी. पाहावं तर छाती हलते आहे, पोट हलतं आहे, पण नाकातोंडातून हवा म्हणून येत नाही. मग मोठ्ठा आचका देऊन गाडी पुन्हा सुरू. हे कधी कधी इतकं लांबायचं की मी दंडाला धरून गदागदा हलवायची. त्यावर आभार काय मिळायचे? "झोपू दे ना! आत्ता कुठं शांत झोपलो होतो, तर तुला बघवत न्हाय."

दिवसा मात्र हा माणूस कुठेही झोपायचा. नात्यातल्या एका हळदीला डीजेच्या स्पीकरसमोर खुर्ची टाकून झोपला. अख्खा मांडव नाचतोय, धक्क्यानं टेबलावरचे ग्लास सरकताहेत, आणि मध्ये आमचे हे, मान मागे टाकून, तोंड उघडं. लोकांनी व्हिडिओ काढले. मला चार बायका येऊन म्हणाल्या, "किती सुखी माणूस गं तुझा!"

मग उपाय सुरू झाले. आमच्याकडे आजार कुणाला कळत नाही, उपाय मात्र सगळ्यांना येतात. सासूबाईंनी नाकात तूप सोडलं, उशी भिजली. कुणीतरी बनियनच्या पाठीला चेंडू शिवायला सांगितला, म्हणजे माणूस उताणा झोपत नाही म्हणे. आमचे हे चेंडूवरही उताणेच झोपले आणि सकाळी पाठ धरून, माझाच दोष असल्यासारखे माझ्याकडे बघत बसले. चुलत सासऱ्यांनी अकलोलीच्या गरम कुंडांचं नाव काढलं. तिथे हे गेले, गळ्यापर्यंत पाण्यात बसले आणि झोपले. हनुवटी बुडाली, पाणी नाकाशी आलं, तेव्हा शेजारच्या एका अनोळखी माणसानं बखोटीला धरून वर ओढलं. घरी येऊन सांगितलं काय, तर "पाण्याला गुण हाय. बसल्या बसल्या झोप लागली!"

एका दुपारी हायवेच्या ट्रॅफिकमध्ये गाडी उभी होती, हे एकटेच होते. पुढची रांग हलली, मागचे हॉर्न वाजवून दमले, शेवटी एक ट्रकवाला खाली उतरला आणि काचेवर थापा मारून म्हणाला, "सेठ, जिंदा हो?" हा किस्सा ह्यांनी जेवताना रंगवून सांगितला. सगळे हसले. मला मात्र खरोखर भीती वाटत होती, आणि ती गाडीची कमी, अंथरुणातली जास्त होती. हा माणूस एखाद्या वेळी थांबेल आणि त्याच वेळी मला दमून गाढ झोप लागलेली असेल, एवढीच ती भीती.

मी शहरातल्या डॉक्टरांचं नाव काढलं. ह्यांनी हात झटकले. सासूबाईंनी तर आकाशपाताळ एक केलं. "झोपायला कोण डागदराकडं जातं? त्याचा बाप काय थोडा घोरायचा? त्याला काय झालं?"

यावर माझ्या जिभेवर जे आलं होतं ते मी गिळलं. आयुष्यात जी थोडी वाक्यं मी गिळली आहेत त्यातलं ते एक. माणूस गेला, आई, असं म्हणायचं होतं.

शेवटी मी पुरावा गोळा करायचं ठरवलं. रविवारी मटण जेवून हे ओटीवर आडवे झाले आणि मी मोबाईल धरून समोर बसले. भर दुपारी, लख्ख उजेडात. हे घोरले, थांबले, आचका दिला, पुन्हा घोरले. सगळं व्यवस्थित टिपलं. चहाच्या वेळी घरचे जमले, चुलत सासरेही आले होते. मी टीव्हीवर व्हिडिओ लावला. आधी घोरणं ऐकून सगळे पोट धरून हसले. मग आवाज थांबला.

"हे बघा," मी म्हटलं.

"काय बघू?" हे म्हणाले. "कायच आवाज न्हाय. मी घोरतच न्हाय, तूच सगळ्यांना सांगत फिरतेस."

चुलत सासरे म्हणाले, "आता कसा शांत झोपला! मघाशी जरा अवघडला व्हता."

मला कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं. नवऱ्याचा श्वास बंद आहे हे अख्ख्या घराला मोठ्या पडद्यावर दाखवलं, तर घराला बरं वाटलं! एवढ्यात कोपऱ्यातून सासूबाईंचा आवाज आला.

"परत लाव."

मी परत लावला. त्या उठून टीव्हीजवळ आल्या, अगदी पडद्याला नाक लागेल इतक्या जवळ. आवाज थांबला तसा त्यांनी पदराचा बोळा मुठीत धरला. पडद्यावर ह्यांनी आचका दिला तेव्हा मूठ सुटली.

"उद्याच्या उद्या त्याला ने," त्या म्हणाल्या. "न्हाय म्हणला तर मना सांग."

एवढी वर्षं मी घसा कोरडा केला आणि काम केलं एका व्हिडिओनं. पोराच्या काळजीनं आई घाबरली, असं मी धरून चालले आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली.

डॉक्टर शांत माणूस होता. ह्यांच्या घशात टॉर्च मारली, मानेचा घेर टेपनं मोजला, मला खूप प्रश्न विचारले आणि ह्यांना फार कमी. मग म्हणाला, "घरात आणखी कुणाला असा त्रास?"

"वडील घोरायचे. माझ्यापेक्षा जोरात," हे छाती फुगवून म्हणाले.

"ते कसे गेले?"

"झोपेतच. पुण्यवान माणूस."

डॉक्टर लिहायचा थांबला. त्यानं आधी ह्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. नक्की काही सांगता येणार नाही, तपासण्या झालेल्या नाहीत, असं तो जपून बोलला. पण झोपेत घसा मिटतो, हवा अडते, रक्तातला ऑक्सिजन उतरतो आणि वर्षानुवर्षं हे चाललं की हृदयावर ताण येतो, एवढं त्यानं सरळ सांगितलं. परत येताना गाडी मी चालवली. हे शेजारी झोपले होते. आईंना यातलं काही कळू द्यायचं नाही, हे मी तेव्हाच ठरवलं. पंगतीतली ती पैठणी त्यांच्याकडून काढून घेणारी मी कोण?

पुढचं सगळं यथासांग झालं. झोपेची तपासणी आहे म्हटल्यावर हे म्हणाले, "झोपायची परीक्षा? त्यात मी पहिला येणार." आलेही. अंगभर वायरी लावून झोपवलं, आणि सकाळी डॉक्टरांनी आलेख दाखवला. मी आवाजावरून जे ओळखत होते तेच त्यात होतं, फक्त रंगीत. मग घरी मशीन आलं. नाकावर मास्क, मास्कला नळी, नळीतून हवेचा दाब, म्हणजे घसा मिटत नाही. पहिल्या आठवड्यात मास्क लावून हे आरशासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "मना कुणी बघितलं तर गावात इज्जत काय राहील?" डीजेसमोर तोंड उघडं टाकून झोपताना इज्जत कुठे ठेवली होती, ते मी विचारलं नाही. विचारलं असेन कदाचित.

मशीन बारीक घूं करत चालतं. मला त्या आवाजात झोप लागते. हे सकाळी ताजेतवाने उठतात आणि ही मात्र नवीन डोकेदुखी झाली आहे, कारण आता भेटेल त्या जाड माणसाला थांबवून झोपेवर व्याख्यान देतात. हवा ओलसर राहावी म्हणून मशीनच्या डब्यात घालायचं पाणी सासूबाई स्वतः उकळून गार करतात. मास्कही त्याच धुतात. मी एकदा हात लावायला गेले तर म्हणाल्या, "तू राहू दे. तू रात्रभर पुष्कळ जागलीस."

मग पितृपक्ष आला. सासऱ्यांची तिथी. पानं वाढली, खीर, वडे, अळू, सगळं नेहमीसारखं. चुलत सासऱ्यांनी घास तोंडात घालायच्या आधी फोटोकडे बघून हात जोडले. "पुण्यवान माणूस! झोपेत गेला. कुणाला त्रास न्हाय."

"खरंय," कुणीतरी म्हणालं.

सासूबाई खीर वाढत होत्या. आता त्यांचं वाक्य येणार म्हणून मी मुद्दाम मोठ्यानं विचारलं, "वडे कुणाला हवेत?" पण त्या वाकलेल्या सरळ झाल्या.

"मी बाजूलाच व्हते," त्या म्हणाल्या. "घोरायचे थांबले. मी म्हटलं, बरं झालं बाई, आता मला जरा झोप लागंल. आणि झोपले."

ह्यांनी मान खाली घातली. मला तो दिवस आठवला, टीव्हीच्या पडद्याला लागलेलं त्यांचं नाक आणि मुठीतला पदर. मी ज्यांच्यापासून लपवत होते त्यांना ते माझ्या आधीपासून ठाऊक होतं. तेव्हापासून त्या एकट्याच ते घेऊन बसल्या होत्या, आणि संध्याकाळी पाणी उकळत होत्या.

मी उठून त्यांच्याजवळ गेले. आयुष्यभर लूमच्या वरचढ आवाजात बोलत आलेली मी, मला कुजबुजल्यासारखं काहीतरी बोलता आलं. तेव्हा कुणालाच कळलं नसतं आई, असलं काहीतरी.

"तुला कळलं असतं," त्या म्हणाल्या. मग खिरीचा डाव माझ्या हातात दिला, आणि पहिल्यांदाच वाढणं सोडून पंगतीत जाऊन, भिंतीला टेकून बसल्या.