दिवाकरचा दुसरा ढेकणांचा खेळ

दिवाकर गेला. आज सकाळी, रामदासपेठेतल्या दवाखान्यात.

पण आधी तुमचं सांगा.

रमेश, शुगर कशी आहे? गोळी वेळेवर घेतोस ना?

कुंदाताई, गुडघा?

प्रभाकरराव, मोतीबिंदूचं झालं, की अजून मुलाच्या सुट्टीची वाट पाहून राहिले?

मी बरा आहे. पाय चालतात, तोंड चालतं. झोप तेवढी रुसली आहे.

आपली खापरखेड्याची कॉलनी आता फोनमधल्या या ग्रुपवरच उरली, म्हणून इथेच लिहितो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. दिवाकर पॉवर हाऊसमध्ये फिटर, मी त्याच्याच शिफ्टला. सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तरची गोष्ट. कॉलनीत ढेकणांनी जीव नकोसा केला होता. खाटा उन्हात टाका, रॉकेल ओता, काही फरक नाही.

तर या गड्यानं कॉलनीच्या गणपतीत ढेकूण मारायचा खेळच मांडला.

एक मोठी खाट. तिच्यावर मांजराएवढे पत्र्याचे ढेकूण. बुचाची गोळी उडवणारी बंदूक. नेम लागला की ढेकूण उताणा, सहाही पाय वर, आणि घंटी.

सगळ्यात जाड ढेकणाला आमच्या फोरमनसारख्या मिश्या होत्या. फोरमनसाहेबांनी स्वतः तीनदा नेम धरला आणि तीनदा चुकले. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या.

लोक म्हणाले, पुढल्या वर्षी याहून भारी पाहिजे.

दिवाकरनं ते मनावर घेतलं. ड्यूटीवरून आला की हातात कानस नाहीतर ब्रश. सुमनवहिनी पहिल्या बाळंतपणाला सावनेरला माहेरी गेल्या होत्या, त्यामुळे घरभर पसारा घालायला मोकळीक.

दुसरा खेळ म्हणजे कपाटाएवढी पेटी. तिला एक खिडकी, खिडकीत बंदूक बसवलेली. आत पंख्याच्या मोटरवर रंगवलेलं कापड सरकायचं. डोळा लावला की आपणच बंदूक घेऊन कुणाच्या घरात शिरलो असं वाटायचं. दार, स्वयंपाकघर, फळीवरचे डबे. आणि सायकलच्या चेनवर बसून ढेकूण कुठूनही अंगावर धावून यायचे.

असं काही आपण तोवर पाहिलं नव्हतं.

गणपतीच्या आठ दिवस आधी त्यानं अंगणात आम्हा सात-आठ जणांना तो दाखवला. सगळे गेल्यावर मला थांबवलं.

“मले खरं सांग गा बापू. गोड बोलू नको.”

आता पॉवर हाऊसची रीत सांगतो. शिफ्ट सुटताना लॉगबुकात फक्त बिघाड लिहायचे. जे नीट चालू आहे त्याच्यावर कोणी शाई घालवत नाही. खाली एकच ओळ, बाकी नॉर्मल. शाळा मी सातवीत सोडली. लिहिणं जे शिकलो ते त्या लॉगबुकातच.

मी त्याचा खेळ तसाच तपासला.

कापड फार भरभर सरकतं, डोकं गरगरतं. मोटरच्या घरघरीत घंटी ऐकू येत नाही. ढेकूण उताणा पडायची गंमत पाच वेळा तीच ती. आणि सगळ्यात मोठा फॉल्ट, आत एकालाच दिसतं. पहिल्या खेळात अख्खा मांडव हसायचा. इथे एक जण पेटीत तोंड घालून हसतो आणि बाकीचे त्याची पाठ बघत उभे.

मी सांगितलं त्यात चुकीचं काहीच नव्हतं. आजही मी हेच म्हणेन.

तो ऐकत होता. हातातला पाना पुसत होता.

“आन् बाकी?”

“बाकी नॉर्मल,” मी म्हणालो, आणि सायकल काढली.

गणपती बसले. मांडवात जुनीच खाट.

“काहून गा, नवीन कुठाय?” मी विचारलं.

“खोलून टाकला. फॉल्ट जास्त होते.”

मोटर परत पंख्यात गेली होती. कापड त्यानं सायकलवर झाकण म्हणून टाकलं होतं, रंगाची बाजू आत.

तेव्हाच बोलायला हवं होतं. पण बंदुकीसाठी रांग लागलेली, तो गोळ्या भरत होता. म्हटलं, सावकाश बोलू.

चाळीस-पंचेचाळीस वर्षं सावकाशच चाललं. एकमेकांच्या पोरांच्या लग्नात वाढायला उभे राहिलो, रिटायर झालो, तो शहरात गेला. त्यानं तिसरा खेळ काही केला नाही. मीही विषय काढला नाही. लॉगबुकाची रीत त्यालाही ठाऊक होती, या एका गोष्टीवर स्वतःची समजूत घालत राहिलो. पण खेळ म्हणजे काही पाण्याचा पंप नव्हे.

आज दुपारी घाटावरून परतलो तर सुमनवहिनी म्हणाल्या, “भाऊजी, त्यायचा तो दुसरा खेळ खरंच खराब होता का? मी तं पाह्यलाच नाही. विचारलं की म्हणत, बापूले विचार.”

पाणी प्यायलो आणि घरी आलो.

वहिनी, इथे लिहितो. तुमची मुलगी वाचून दाखवेल.

शेवटचा ढेकूण मरत नव्हता. नेम धरला की पुढचे दोन पाय जोडून नमस्कार करायचा. मी इतका हसलो की घोडा ओढायचंच विसरलो.

अंगावर येणारा ढेकूण पाहून मी खरोखर मान मागे घेतली होती. लाकूड, पत्रा आणि एक चेन, एवढ्यावर.

आणि ते रंगवलेलं घर तुमचंच होतं. तुमची शेगडी, तुमच्या डब्यांची फळी. खाटेपाशी एक पाळणा रंगवला होता. तुमच्या घरात तेव्हा पाळणा नव्हता. साऱ्या घरात ढेकूण सोडले होते त्यानं, पण पाळण्याच्या आसपास एकही येत नव्हता. चेन तिथून मुद्दाम वळवली होती. ते वळण काढायला किती खटपट पडली असेल, हे मला त्याच वेळी कळलं होतं.

कळलं होतं, आणि मी बोललो नाही.

दिवाकर, तुझा दुसरा खेळ पहिल्यापेक्षा चांगला होता गा. नीट जा.

त्या संध्याकाळी अंगणात जे जे होते, त्यांनी त्या खिडकीतून काय पाहिलं, काय आवडलं, तेवढं लिहा. दोन ओळी चालतील. वहिनी वाट पाहून राहिल्या आहेत, लवकर लिहा.