कॅरिअरवर बांधलेली लेव्हल

‘‘साहेब, तुमी बी त्यातलेच निघाले,’’ किसनबापू म्हणाले आणि लिंबाच्या सावलीतून उठून चालायला लागले. मागून वस्तीतली चार माणसं उठली. माझ्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही.

मी कालव्याच्या कामावर ज्युनिअर इंजिनीअर होतो. परभणीहून रोज फटफटीवर ताडकळसच्या बाजूला एका गावात जायचो. तिथं नव्या चारीचा सर्व्हे चालू होता. चारी म्हणजे कालव्यातून शेतापर्यंत पाणी नेणारा लहान पाट. तिच्या अगदी शेवटी बौद्ध वस्तीची जमीन होती आणि किसनबापू हे वस्तीतले वडीलधारे. माझ्या सर्व्हेत ती जमीन अलीकडच्या अण्णा पाटलांच्या जमिनीपेक्षा वीतभर उंच निघाली. पाणी काही चढाला जात नाही. म्हणजे चारी पाटलाच्या बांधावर संपणार आणि वस्तीची जमीन जन्मभर कोरडवाहू राहणार.

दिवस मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचे. माणूस आडनाव विचारून मगच पुढं बोलायचा. माझं आडनाव भालेराव. वस्तीला वाटलं होतं, आपला माणूस आला, आता पाणी आलंच. पाटलाला वाटलं होतं, ह्यांचा माणूस आला, आता आपल्यावर दात धरणार. रिझल्ट निघाला उलटा. आता वस्ती म्हणत होती, पाटलानं साहेबाला खिशात घातलं.

त्यात आदल्या दिवशी मी पाटलाकडे चहा घेतला होता. चहा आला तेव्हा मी आधी कप बघितला. पाटलाच्या हातात होता तसलाच कप, तसलीच बशी. बरं वाटायला पाहिजे होतं. पण माझ्या मनात पाल चुकचुकली. हा बाबा एवढा गोड का वागायलाय?

किसनबापू गेल्यावर मी फटफटीकडे निघालो. वाटेत पाटलाचा बांध लागला. पावसाळ्यात तो एका जागी फुटला होता. तिथून वाहून गेलेल्या कापसाच्या जुन्या पऱ्हाट्या आणि गाळ पलीकडे वस्तीच्या शेतात साचलेला होता. मी थबकलो. अरे, पावसाचं पाणी वीतभर चढ चढून गेलं की काय?

म्हणजे यंत्राचे आकडेच चुकले असणार. पहिला संशय आला तो पाटलावर. काल सर्व्हेला लागण्याआधी मी आत चहा घेत होतो, तेव्हा लेव्हलची पेटी बाहेर फटफटीवर होती. लेव्हल म्हणजे तिपाईवर बसवायची दुर्बीण. तिची नजर अगदी आडवी असावी लागते. समोर माणूस आकड्यांची उंच पट्टी धरतो, आपण दुर्बिणीतून आकडा वाचायचा. त्यावरून जमीन उंच की सखल ते कळतं. ही नजर किंचित खाली झुकली, तर जवळ काही कळत नाही. पण लांबची जमीन उगाचच उंच दिसते.

पट्टी धरणारा माझा खलाशी गौसभाई. त्यालाच धरलं.

‘‘गौसभाई, काल पेटीजवळ कोण आलं होतं?’’

‘‘कुणीबी न्हाई साब. मी तिथंच होतो.’’

‘‘चहाला आत आला असशील की.’’

‘‘माझा चहा भायेरच आला होता, साब. आता माझ्यावरच शक करायलाव का?’’

मला लाजल्यासारखं झालं. पण शंका काही गेली नाही.

संध्याकाळी परभणीच्या ऑफिसात डेप्युटी साहेबांना, म्हणजे माझ्या वरच्या इंजिनीअरला, सांगितलं.

‘‘सर, यंत्र चुकतंय असं वाटतंय.’’

‘‘असं?’’ त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ‘‘रिझल्ट वस्तीच्या विरुद्ध गेला आणि लगेच यंत्र चुकलं? भालेराव, वरून विचारणा झाली तर मी काय सांगू?’’

असा संताप आला! यांच्या मनातही तेच. राग गिळून म्हणालो, ‘‘चाचणी सगळ्यांसमोर करतो. दोन्ही बाजूंना बोलावतो.’’

‘‘करा. पण यंत्र बरोबर निघालं, तर तुमची बदली मी स्वतः करीन.’’

दुसऱ्या दिवशी पाटील आपली माणसं घेऊन आले, किसनबापू आपली. दोघांच्यामध्ये एक बैलगाडी जाईल एवढी जागा. चाचणी सोपी असते. दोन खुंट्या लांब अंतरावर ठोकायच्या. आधी यंत्र बरोब्बर मधोमध लावून दोन्हींतला उंचीचा फरक काढायचा. मग यंत्र एका खुंटीजवळ नेऊन पुन्हा तोच फरक काढायचा. खुंट्या तर जागच्या हलत नाहीत. फरक बदलला, तर यंत्र खोटं.

म्हटलं, आकडे मी वाचणार नाही, तुम्हीच वाचा. किसनबापूंनी दुर्बिणीला डोळा लावला. आमची लेव्हल जुनी, तिच्यातून सगळं उलटं दिसायचं.

‘‘आगा बाबौ! पाटील उलटे दिसायलेत की! डोकं खाली, पाय वर!’’

वस्तीची माणसं खो खो हसली. पाटलाचा चेहरा उतरला. ते तरातरा आले आणि बापूंना म्हणाले, ‘‘तुमी जावा तिथं, मी बघतो.’’ डोळा लावून बराच वेळ बघत राहिले. ‘‘तुमीबी उलटेच हाव,’’ म्हणाले. मग दोन्हीकडची माणसं हसली. तेवढाच काय तो मोकळा श्वास.

मधोमध लावून दोघांनी आकडे वाचले. एका खुंटीजवळ नेऊन पुन्हा वाचले. फरक बदलला.

‘‘म्हंजी यंत्रच खोटारडं हाय,’’ पाटील म्हणाले. लगेच डोळे बारीक केले. ‘‘मग आता दुसरं आणणार? तुमच्या मनासारकं बोलणारं?’’

‘‘नाही. ह्याच यंत्रानं करतो. दोन्ही बाजूंपासून सारख्या अंतरावर उभं केलं, की ते दोन्हीकडे सारखंच चुकतं. मग फरक बरोबर येतो. पण त्यासाठी तुमच्या उभ्या कापसात शिरावं लागेल. मागच्या वेळी पीक वाचवायला मी कडेलाच उभा राहून लांबून आकडे वाचले होते.’’

पाटलांनी कापसावरून नजर फिरवली. नाही म्हणायला त्यांना कुणी अडवलं नसतं. किसनबापू खाली मान घालून मातीकडे बघत होते.

‘‘मोडू द्या दोन ओळी,’’ पाटील म्हणाले. ‘‘पण माझा माणूस तुमच्यासंगं चालंल.’’

‘‘आमचाबी,’’ किसनबापू म्हणाले.

दोन पहारेकरी घेऊन मी कापसात शिरलो. दुपार कलेपर्यंत निकाल लागला. वस्तीची जमीन उंच तर नव्हतीच, चांगली चार बोटं खाली होती.

यंत्राला हात कुणी लावलाच नव्हता. सगळी कर्तबगारी आमच्या फटफटीची. पेटी कॅरिअरवर ठेवून ट्यूबच्या पट्ट्यांनी करकचून आवळायची, अशी आमच्या ऑफिसची पद्धत. हलत नाही म्हणजे सुरक्षित, असं सगळ्यांना वाटायचं. पण रस्त्यातल्या खड्ड्याचा दणका लोखंडातून थेट पेटीत जातो. त्या दिवसापासून पेटी वाकळीत गुंडाळून गौसभाईच्या पाठीवर गेली. माणसाचं अंग दणका खातं, पुढं जाऊ देत नाही. परवा पुतण्या लॅपटॉपची बॅग मोटारसायकलच्या कॅरिअरला आवळून ऑफिसला निघाला होता. मी पट्टे सोडून ती त्याच्या पाठीला अडकवली. ‘‘काका, घट्ट बांधली होती की!’’ म्हणाला. म्हटलं, म्हणूनच.

चारी मंजूर झाली. पाणी सुटलं त्या दिवशी मी मुद्दाम गेलो. पाटलाच्या बांधावरून पाणी वस्तीच्या शेतात उतरलं, तेव्हा बायकांनी वाकून त्यात हात घातले. माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू. किसनबापू मला बाजूला घेऊन गेले. आजूबाजूला बघून हळूच म्हणाले, ‘‘लेकरा, आता खरं सांग. आपलं माणूस म्हणून केलंस न्हवं?’’

‘‘नाही हो बापू. जमीनच खाली आहे. तुम्हीच तर आकडे वाचले.’’

‘‘व्हय व्हय, वाचले की,’’ बापू हसले आणि माझ्या पाठीवर थाप मारली. ‘‘कुणाला सांगत न्हाई मी.’’