दुपारी सरकणारा नेम

पोरीचा श्वास चुकतोय, हे धम्मशीलाने त्या एप्रिलमध्ये चौथ्यांदा ऐकलं. सांगणारे व्यंकटराव, पूर्णेतल्या त्या शिक्षण संस्थेचे सचिव. ते नेमबाजीच्या हॉलच्या दारात आले, विजयमालाचे तीन छर्रे कागदावर डावीकडे खाली गेलेले पाहिले, मान हलवली आणि तेवढं बोलून निघून गेले. धम्मशीलाने हातातला निशाणाचा कागद चुरगाळला. मग तो फाइलला लावायचा आहे हे आठवून मांडीवर ठेवून पुन्हा सरळ करत बसली.

धम्मशीला पूर्णेचीच. वडील रेल्वेत फिटर. कॉलेजात असताना एनसीसीच्या शिबिरात तिने पहिल्यांदा बंदूक खांद्याला लावली आणि शिबिराच्या शेवटी सुभेदाराने तिचा कागद सगळ्यांना फिरवून दाखवला. राज्य पातळीपर्यंत गेली. पोलिसात जायचं होतं, पण उंची दीड सेंटिमीटर कमी भरली. पुढच्या वर्षी पुन्हा रांगेत उभी राहिली, तेव्हाही तेवढीच कमी. मग संस्थेने तिला नेमबाजी शिकवायला घेतलं, अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर, आणि ती ऑर्डर नऊ वर्षं नव्याने निघत आली होती. दर जूनमध्ये ती महिनाभर कुणीच नसायची आणि जुलैत पुन्हा मॅडम व्हायची.

हॉल म्हणजे कॉलेजच्या मागचं पत्र्याचं लांबट शेड. दहा मीटरवर कागदी निशाणं, अलीकडे चार टेबलं. सुरुवातीपासून चार एअर रायफली होत्या. त्यांचा रिसिव्हर, म्हणजे नळी, घोडा आणि हवेचा दाब ज्यात येऊन बसतो ती मधली पेटी, ॲल्युमिनियमचा होता. हात लागून लागून काळा मुलामा उडालेला आणि खालची कड पांढुरकी दिसायची. एक रायफल एकदा टेबलावरून फरशीवर पडली होती. तिच्या कडेला पोचा आला, पण नेम होता तिथंच राहिला.

मागच्या नोव्हेंबरात व्यंकटराव पुण्याच्या एका प्रदर्शनातून दोन नव्या रायफली घेऊन आले. रिसिव्हर कार्बन फायबरचा. काळी चमकदार वीण, जणू बारीक विणलेली चटई काचेत बुडवली आहे. दस्त्यावर व्यंकटरावांच्या दिवंगत वडिलांचं नाव कोरलेलं. हार घालून कार्यक्रम झाला आणि जुन्या चारही लोखंडी पेटीत घालून स्टोअरला गेल्या. खरं सांगायचं तर धम्मशीला तेव्हा खूश होती. तिच्याकडे येणाऱ्या पोरी अंगाने किरकोळ. जुनी रायफल तासभर धरली की त्यांचे दंड थरथरायचे. नवी उचलली की हातात काही नाहीच. तिने व्यंकटरावांचे चार लोकांत आभार मानले, आणि पुढे तेच आभार तिला वारंवार ऐकवले गेले.

हिवाळाभर सगळं बरं चाललं. सगळ्यांत पुढे गेली ती विजयमाला. चुडाव्याजवळच्या येडबा नावाच्या मेंढपाळाची ही सतरा वर्षांची मुलगी सकाळच्या पॅसेंजरने यायची, फारशी बोलायची नाही. पण बंदूक धरली की तिच्या अंगातली सगळी हालचाल थांबायची. मे महिन्यात परभणीला निवड चाचणी होती आणि धम्मशीलाने मनात तिचं नाव पक्कं केलं होतं.

मार्च संपता संपता घोटाळा सुरू झाला. सकाळी विजयमालाचे छर्रे एकाच भोकातून जायचे. अकरा वाजले, पत्रा तापला, की ते डावीकडे खाली सरकायला लागायचे. धम्मशीलाने छर्रे बदलले, हवेचा दाब तपासला, नेम धरायची चकती खोलून पुन्हा बसवली. काही फरक पडेना. बाकीच्या पोरींचे छर्रे एरवीही विखुरलेलेच असायचे, त्यामुळे त्यांच्यात हे कळतच नव्हतं. शेवटी तिनेही तेच मानलं जे सगळे मानत होते. दोन आठवडे तिने विजयमालाला बंदुकीला हात लावू दिला नाही. भिंतीकडे तोंड करून नुसते श्वास मोजायला लावले, दुपारी मेंढरांमागं जाऊ नको म्हणून येडबाला निरोप धाडला, आणि एकदा तर इतर पोरींसमोर, तुझं मन ठिकाणावर नसतं, असंही बोलून गेली.

पंधराव्या दिवशी पुन्हा रायफल हातात दिली. दुपारी पुन्हा तेच. विजयमालाने रायफल खाली ठेवली आणि कागदाकडे न बघताच म्हणाली, "मॅडम, मी तिथंच धरायलेय. बंदूकच तिथं थांबंना."

धम्मशीलाने स्वतः दहा छर्रे मारले. दहाही डावीकडे खाली. दुसरी नवी रायफल घेऊन पाहिली, तीही तशीच. हे तिने आधी करून पाहिलंच नव्हतं. त्याच संध्याकाळी चुडाव्याच्या गाडीपर्यंत ती विजयमालाबरोबर चालत गेली आणि फलाटावर म्हणाली की चूक माझी होती, तुझी नव्हती. विजयमाला म्हणाली, "असू द्या."

दुसऱ्या दिवशी धम्मशीला रायफल घेऊन ताडकळसला गेली. तिथं सिताराम काकांचं लेथचं दुकान होतं. तिच्या वडिलांचे ते जुने दोस्त. मळणीयंत्राच्या पुल्या आणि मोटारींचे शाफ्ट करण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. काकांनी रिसिव्हर बोटांनी वाजवून पाहिला, नखाने खरवडला आणि पहिल्यांदा त्याचं कौतुकच केलं. मग लाकडाचे दोन ठोकळे, त्यांना सायकलच्या ट्यूबचं रबर, अशी रायफल शिकंज्यात धरली, म्हणजे माणसाच्या श्वासाचा प्रश्नच उरला नाही. मागच्या बोळात कागद लावून सकाळी पाच छर्रे मारले. एकच भोक. रायफल तशीच शिकंज्यात ठेवून दुपारी दोनला पुन्हा पाच मारले. ते बोटभर सरकून पडले.

काकांनी नळीच्या बुडाशी डायल गेज लावला, केसाएवढी हालचालही दाखवणारं घड्याळासारखं ते यंत्र, आणि नळीला अंगठ्याने हलकं ढकललं. काटा हलला. आत नळी धरून ठेवायला ॲल्युमिनियमची एक कॉलर होती आणि ती कार्बनला नुसती चिकटवलेली होती. आपल्याकडे ॲल्युमिनियमच्या पातेल्याला जर्मल म्हणतात, काकाही तेच म्हणायचे.

"शीला, कार्बनचा गुन्हा न्हाई. हे लय टणक हाय, तुटायचं न्हाई. पर जर्मल उन्हानं फुगतंय, रातीला आकसतंय, आन् कार्बन जागचं हलत न्हाई. ह्या दोघांत गोंद मरायलाय. त्यात उन्हाळ्यात गोंद मऊबी पडतो."

धम्मशीलाने विचारलं, मग जुन्याच चांगल्या म्हणायच्या का. काका हसले नाहीत. म्हणाले, जर्मलचंही मला सांगू नको, त्याचे आटे आठ दिवसांत खाऊन टाकतात लोक. ते खरं होतं. जुन्यांपैकी दोघींचे स्क्रू कितीही फिरवले तरी घट्ट होत नव्हते, कारण कुणीही येऊन हाताला लागेल त्या पान्याने आवळायचं. फरक एवढाच की जुनीचं दुखणं बाहेरून दिसायचं. पोचा दिसायचा, आटा फिरलेला बोटाला कळायचा. नवी मात्र पहिल्या दिवसासारखी चकचकीत होती आणि आतून सुटत चालली होती.

तिने चार पानी अहवाल लिहिला, सकाळ-दुपारचे कागद तारखा घालून जोडले आणि व्यंकटरावांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी पहिलं पान उलटलं, दुसरं नाही. सिताराम कोण, त्यांचं शिक्षण काय, असं विचारलं. मग खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "मॅडम, विमानं बनवायलेत याची. विमान उडायलंय आणि तुमची बंदूक चालंना? नोव्हेंबरात तर तुमीच आभार मानले होते."

तिने तीन गोष्टी मागितल्या. नव्या रायफली दुपारी कूलर असलेल्या खोलीत ठेवू द्याव्यात. कंपनीला पत्र जावं. आणि जुन्या चार परत मिळाव्यात. कूलरची खोली सचिवांचीच होती, तिथं बंदुका शोभत नाहीत म्हणून नकार आला. कंपनीला तिने स्वतःच ई-मेल केला, आणि स्क्रू जास्त आवळल्यामुळे असं होतं, वापरणाऱ्याने काळजी घ्यावी, असं दोन ओळींचं उत्तर आलं. त्या कॉलरला स्क्रूच नव्हता. जुन्या रायफलींसाठी अर्ज द्यायला सांगितला. अर्ज दिला तर कळलं की नव्या आल्या त्याच दिवशी जुन्या निकामी म्हणून कागदोपत्री काढून टाकल्या आहेत, आणि निकामी वस्तू विद्यार्थ्यांना देता येत नाहीत. स्टोअरच्या जाळीतून ती पेटी दिसायची. धम्मशीला येता-जाता मान वळवून तिच्याकडे बघायची.

चाचणीला विजयमालाची पाळी नेमकी दुपारी एकची लागली. धम्मशीलाने रायफलीची पेटी ओल्या पोत्यात गुंडाळली आणि परभणीपर्यंत मांडीवर धरून नेली, वाटेत दोनदा पोत्यावर पाणी मारलं. पहिले पंचवीस-तीस छर्रे सुरेख गेले. मग धम्मशीलाला मागून दिसलं की विजयमाला नेम जरा उजवीकडे वर धरते आहे. रायफल किती चुकणार याचा अंदाज घेऊन ती पोरगी तेवढं उलट चुकत होती. साठ छर्रे पुरे होईपर्यंत तिने तसंच ओढून नेलं. तीन गुणांनी निवड हुकली.

विजयमाला रडली नाही. तिने घाम पुसला आणि पुढच्या मुलीला जागा करून दिली.

दोन दिवसांनी व्यंकटराव हॉलमध्ये आले आणि पोरींसमोर म्हणाले की मुलगी चांगली आहे, पण शेवटपर्यंत दम टिकत नाही. धम्मशीलाने रायफल टेबलावर घेतली, हवेची टाकी काढून बाजूला ठेवली, वरचं झाकण खोललं आणि नळी धरून ओढली. नळी कॉलरसकट हातात आली. कॉलरला पिवळट गोंदाचा एक पापुद्रा लोंबत होता.

"तिचा दम न्हाई सुटला साहेब," ती म्हणाली. "हे सुटलंय."

व्यंकटरावांनी तो पापुद्रा बोटाने चिवडून पाहिला. त्यांना कळलं होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून स्पष्ट दिसत होतं. मग ते म्हणाले, "पण तुमी उघडलंच कशाला? वॉरंटी गेली ना आता."

त्या जूनमध्ये धम्मशीलाला वाटलं की यंदा ऑर्डर निघणार नाही. ऑर्डर निघाली, सोबत ताकीदपत्र आलं: संस्थेच्या मालमत्तेशी विनापरवानगी छेडछाड. दोन्ही कार्बनच्या रायफली सचिवांच्या खोलीत काचेच्या कपाटात गेल्या, जिथं त्यांना दिवसभर कूलरची हवा लागत होती. आणि जुन्या चार, कुणी काही न बोलता, एका सकाळी हॉलच्या दारात पेटीसकट येऊन पडलेल्या दिसल्या. कागदावर त्या निकामीच राहिल्या. सिताराम काकांनी फिरलेल्या आट्यांच्या जागी पोलादी आटे बसवून दिले. धम्मशीलाने ठरावीक जोराला टक् असा आवाज करून थांबणारा एक पाना आणला, भिंतीला खिळ्यावर टांगला आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं की स्क्रू फक्त यानेच आवळावेत.

विजयमाला ऑगस्टमध्ये पुन्हा सरावाला आली. पहिल्या दिवशी जुनी रायफल उचलून म्हणाली, "लय जड हाय ओ ही." दिवाळीपर्यंत तिचे दंड सरावले. डिसेंबरच्या चाचणीत आठ मुली घेतल्या, त्यात ती सातवी आली.

वर्तमानपत्राचा माणूस आला तेव्हा व्यंकटरावांनी काचेचं कपाट उघडायला लावलं आणि कार्बनची चकचकीत रायफल विजयमालाच्या हातात दिली. ती नेमकी सुटलेलीच होती, आत नळी नुसती टेकवलेली. विजयमालाने धम्मशीलाकडे पाहिलं. धम्मशीलाच्या ओठांवर बरंच काही आलं होतं. पण समोर वर्तमानपत्राचा माणूस होता आणि जून फार लांब नव्हता. ती एवढंच म्हणाली, "धर. आडवीच धर, नळी खाली पडंल."

फोटो झाला. सगळे चहाला गेले. धम्मशीला हॉलमध्ये येऊन दुपारच्या सरावासाठी जुन्या रायफली टेबलांवर मांडू लागली. तिसरीच्या स्क्रूवर बोट फिरवलं तर त्याचं डोकं चेपलेलं, कुणीतरी पकडीने कचकचून आवळलेला. पाना भिंतीवर जागच्या जागी होता, त्याच्यावर धूळ. पोरी चहा पिऊन आल्यावर कुणी केलं म्हणून तिने त्यांना विचारलं. जी ती दुसरीकडे बोट दाखवू लागली. तिने डोळे मिटून एक मोठा श्वास सोडला, पाना खाली काढला, फडक्याने पुसला आणि सगळ्यांना टेबलाभोवती बोलावून पहिल्यापासून दाखवायला लागली.