त्यांच्या वाट्याची साखर

डोळा नीट लागत नाही आणि नीट उघडतही नाही, अशी मी मधल्या खोलीत चटईवर पडले आहे. बाहेर दुपारचं ऊन आहे. दाराच्या फटीतून त्याची एक पट्टी आत येते आणि माझ्या पावलांपाशी थांबते. पंखा फिरतो, पण त्याचा आवाज मधूनच शेजारच्या घरातून आल्यासारखा वाटतो. अंग जड झालं आहे. कूस बदलावी असं मनात येतं, पण ते मनातल्या मनातच राहतं.

आज संकष्टी आहे. सकाळी बिनसाखरेचा चहा घेतला, साखरेच्या आजाराची गोळी घेतली, आणि तेव्हापासून पोटात काही नाही. साबुदाणा आणि बटाटा डॉक्टरांनी बंद केला आहे. उपासाला दुसरं काय चालेल तेही त्यांनी सांगितलं होतं. काकडी, ताक, राजगिऱ्याची भाकरी. पण सून सकाळीच कामावर जाते, मग माझ्या एकटीसाठी राजगिऱ्याचं पीठ कोण मळणार? ते थापायला गेलं की तुटतं, त्याच्याशी निगुतीनं वागावं लागतं. मी म्हटलं, त्या भानगडीतच पडायला नको. काहीच खायचं नाही, रात्री चंद्र बघून सोडायचा. म्हणजे डॉक्टरांचंही ऐकलं आणि गणपतीचंही. गोळी मात्र चुकवू नका असं सगळेच बजावतात, म्हणून ती घेतली.

खरं सांगायचं तर मला खाण्याचाच शीण आला आहे. हा आजार आमच्या घरात आधी मालकांना झाला. मालक म्हणजे माझे यजमान. बाजारात त्यांची फुटाण्यांची भट्टी होती, ज्योतीराम फुटाणेवाले म्हणून गाव ओळखायचं. त्यांच्यासाठी मी इतकी वर्षं वेगळं रांधलं. गोळ्यांची पाकिटं वाचता यावीत म्हणून पन्नाशी उलटल्यावर अक्षरं शिकले. चहातली साखर काढली, भात काढला, हुलग्याच्या माडग्यातला, त्या पातळ पेजेतला, गूळ काढला. ते ताटाकडे बघायचे आणि माझ्याकडे बघायचे. पुढं त्यांच्या पायाला जखम झाली, तेव्हा पाय वाचावा म्हणून संकष्टी धरते, असं मी गणपतीला बोलले. पाय गेला. मग मालकही गेले. संकष्टी तेवढी राहिली. आता आजार मला आहे आणि रांधायला पुन्हा मीच आहे.

भाजक्या हरभऱ्याचा वास येतो.

आधी वाटतं, गल्लीतून कुणी चाललं असेल. पण वास जवळ येतो, आणि त्याच्या मागून तापलेल्या वाळूची धग येते. भिंतीकडे बघते तर भिंत नाही. तिथं आमची भट्टी आहे, बाजारातल्या कडुलिंबाखालची, आणि माझी चटई तिच्या पुढ्यात अंथरलेली आहे. कढईत काळी वाळू आहे. मालक उलथन्यानं ती हलवतात, दाणे टाकतात, आणि दाणे तडतडतात.

"आलीस व्हय? बस की," ते म्हणतात.

"बसलीयाच की मी."

"झोपलीयास. बस म्हटलं तर झोपती. पहिल्यापासनं उलटी हायेस."

त्यांच्या अंगात तो निळ्या रेघांचा सदरा आहे, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. ते गेलेले आहेत हे मला माहीत आहे. पण त्याचं काही वाटत नाही. शेजारी येऊन बसल्यावर वाटतं तेवढंच वाटतं.

मी उठून बसते, तर आम्ही दवाखान्याच्या लांब व्हरांड्यात आहोत. भट्टी मधोमध पेटलेली आहे आणि तिच्यापुढं माणसांची रांग लागली आहे. प्रत्येकाच्या हातात आपापला डबा. भिंतीवर एक पाटी आहे. मी ती वाचायला जाते, तर तिच्यावरची अक्षरं कढईतल्या दाण्यांसारखी उडायला लागतात. एक धरावं तर दुसरं सुटतं.

मालक प्रत्येकाच्या डब्यात मूठभर फुटाणे घालतात. रांगेतली एक जाडजूड बाई डबा पुढं करत विचारते, "ओ फुटाणेवाले, मला बी साखर हाय. चार वाजता लई भूक लागती. बिस्किटं बंद केली माझी. काय खाऊ मग?"

"मला काय इचारता? मी नुसता खाणारा," मालक म्हणतात. "मालकिणीला इचारा. ती बसलीया बघा."

सगळी रांग माझ्याकडे वळते.

मी थकलेली आहे, पण तोंड आपोआप चालू होतं. मूठभर फुटाणे खा, सालासकट. मोड आलेली मटकी वाफवा, कांदा चिरून घाला, वर लिंबू पिळा. हिरव्या मुगाचं धिरडं करा, मेथी घालून, तव्याला तेल पुसण्यापुरतं. भाकरी कडक झाली तर टाकू नका, तिचा तुकडा ताकात बुडवून खा, पोट धरून राहतं. पातळ ताकात जिरेपूड घाला.

"आणि कारलं?" कुणीतरी विचारतं.

"कारल्यानं साखर जात न्हाय, नुसतं तोंड कडू हुतं," मालक मधेच बोलतात. "मी खाल्लंय. मला इचारा."

रांग हसते. एक म्हातारा हळूच विचारतो, "बाई, आंबा?"

"एक फोड. आणि जेवणावर न्हाय खायची."

"फोड केवढी?"

"तुमच्या तोंडाएवढी न्हाय," मी म्हणते, आणि पुन्हा सगळे हसतात.

ते विचारत राहतात. नाचणीचं काय, पोह्यांचं काय, भाताची पेज चालेल का, लग्नात जेवायला बसलं तर काय करायचं. मी सांगत राहते. रांगेचं टोक दिसत नाही. माझा आवाज मलाच लांबून ऐकू येतो. कपाळावरून घाम उतरतो, पण भट्टी तर तिकडे आहे, आणि माझ्या अंगाला गारठा लागतो आहे.

"आणि तू काय खाल्लंस?"

मी वर बघते. रांग नाही, व्हरांडा नाही. आम्ही आमच्या जुन्या स्वयंपाकघरात आहोत. भट्टी आता चुलीएवढीच आहे. मालक तिच्यासमोर उभे आहेत आणि उलथनं हातात तसंच धरून माझ्याकडे बघतात.

"समद्यांला सांगितलंस. तू काय खाल्लंस?"

"आज संकष्ट हाय."

"मग उपासाचं काय खाल्लंस?"

मी पदराचं टोक बोटाला गुंडाळते.

"गोळी?"

"घेतली की. ती चुकवत न्हाय मी."

ते उलथनं कढईत टेकवतात. जोरात टेकवतात, तशी वाळू उसळते आणि चार कण त्यांच्या डाव्या पावलावर पडतात. मग मला दिसतं की त्यांना डावं पाऊल आहे. त्यांची दोन्ही पावलं आहेत.

"आई गं!" ते ओरडतात. एका पायावर नाचतात. आणि मग त्यांचा चेहरा उजळतो. "अंजिरा! पोळलं! पोळलं बघ मला!"

माझ्या डोळ्यांत पाणी येतं. हे का, ते सांगायला हवं. आजार जुना झाल्यावर त्यांच्या पावलांना काही कळेनासं झालं होतं. भट्टीची वाळू रोज पायावर उडायची, चामडी जळायची, आणि ते उभेच राहायचे. एक दिवस मोजा काढताना मला वास आला, तेव्हा जखम पार आत गेलेली होती. तोवर त्यांना ठणक म्हणून लागलेली नव्हती.

"लई आग हुतीया," ते पाऊल चोळत हसतात. "लई झ्याक आग हुतीया."

"पाण्यात धरा पाय."

"न्हाय धरत. हूं दे." मग ते माझ्याजवळ येऊन उकिडवे बसतात. हसू हळूहळू जातं. "आता तू सांग. तुला काय हुतंय?"

"काय न्हाय."

"खरं सांग."

"ओठ मेल्यावानी झाल्यात," मी म्हणते. "जीभ जड झालीया. हात बघा कसा हलतोय."

"आणि भूक?"

"मगाशी लागली हुती. आता न्हाय लागत."

ते उठून भट्टीकडे वळतात. कढईतून गरम शेंगदाणे काढतात, दोन्ही तळव्यांत चोळतात आणि फुंकर मारतात. लाल सालं भट्टीच्या उजेडात उडतात, आमच्या दोघांच्या मधे तरंगतात. गोरे गोरे दाणे ते माझ्या तोंडाशी धरतात.

मी तोंड मिटून घेते.

"शेंगदाणा उपासाला चालतो, अंजिरा."

"चंद्र दिसल्याबिगर न्हाय."

"हा उपास कुणासाठी धरला हुतास?"

"तुमास्नी ठावं हाय."

"ठावं हाय. पण तुझ्या तोंडानं सांग."

"तुमच्या पायासाठी," मी म्हणते. एवढं बोलायलाही दम लागतो. "गेला तर गेला. पर देवाला शब्द दिलाय. माणूस गेलं म्हणून शब्द सोडायचा का? मग माझ्यापाशी ऱ्हायलं काय तुमचं?"

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मलाही ते आत्ताच कळतं आहे.

मालक डावं पाऊल पुढं करतात. त्यावर वाळूचे चार लाल ठिपके उठले आहेत. "हे बघ. पाय हाय. तुझं देणं फिटलं. ज्याच्यासाठी उपास धरलास तोच सांगतोय, सोड."

"आसं सोडत्यात व्हय? चंद्र न्हाय, निवद न्हाय."

"माझ्या पायाचं मला न्हाय कळलं, आत काय चाललंय ते. कळलं असतं तर वाचलो असतो. तुला कळतंय. ओठ मेल्यात म्हणतीस न्हवं? मग ऊठ." ते दाणे बाजूला ठेवतात. "आता दाण्यानं बी भागायचं न्हाय, त्याला येळ लागतो. साखर खा. आधी साखर, मग भाकरी."

मला हसू येतं. एवढ्या ग्लानीतही येतं. "साखर? तुमी सांगताय? देवघराच्या मागं खडीसाखर लपवून खाणारं तुमी! ह्यो बी तुमचा डाव हाय. मी डबा उघडला की तुमी हात घालणार."

"न्हाय घालत. आण."

"न्हाय मी आणत."

"अगं, इतकी वर्सं मला दिली न्हाईस, ती समदी साखर हाय अजून डब्यात," ते म्हणतात, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज कापतो. "माझ्या वाट्याची खा. ऊठ, अंजिरा. उठती का न्हाय? मला लई हाका मारता यायच्या न्हाईत."

भट्टी विझते. चुलीएवढी होती, ती पणतीएवढी होते. त्यांचा चेहरा दिसत नाही, फक्त फुंकर ऐकू येते, आणि गार वारा माझ्या मानेवर येतो. ऊठ. ऊठ.

मी उठते.

पंखा डोक्यावर फिरतो आहे. भिंत आहे. लुगडं घामानं भिजून अंगाला चिकटलं आहे आणि हात असा थरथरतो आहे, की तो माझा वाटत नाही. उभं राहायला जमत नाही. मी बसल्या बसल्या सरकत स्वयंपाकघरात जाते, ओट्याखालचा साखरेचा डबा ओढते. झाकण निघत नाही. दातांनी धरून ओढते, आणि निम्मी साखर फरशीवर सांडते. मूठ भरून तोंडात घालते. ओठांना चव कळत नाही, पण घशाला कळते. आणखी थोडी घेते. तांब्यातलं पाणी पिते, निम्मं छातीवर सांडतं. मग ओट्याला पाठ लावून बसते आणि वाट बघते.

हळूहळू ओठांना मुंग्या येतात. हात आपला आपला होऊ लागतो. मग भूक लागते. किती दिवसांनी अशी लागली कोण जाणे. रडू यावं अशी भूक.

दार वाजतं. माझी सून सुवर्णा शाळेच्या पोषण आहारावर स्वयंपाक करते, ती कामावरून परत आली आहे. पिशवी टाकून ती धावतच आत येते.

"आत्या! काय झालं? पडलात का?" ती मला आत्या म्हणते. मग तिला फरशीवरची साखर दिसते, डबा दिसतो. ती माझा हात हातात घेते. "सकाळची गोळी घेतली होती?"

"हां."

"आणि जेवण?"

"संकष्ट हाय न्हवं."

ती डोक्यावर हात मारते. "अहो आत्या, पोटात काही नसताना ती गोळी घेतात का? साखर पार खाली जाते! मी घरी असते तर... तुम्ही तशाच झोपून राहिला असता तर?" ती डॉक्टरांना फोन लावते, बोलते, मान हलवते. मग म्हणते, "आता लगेच काहीतरी खायला घाला म्हणाले. आणि उपासाच्या दिवशी गोळीचं काय करायचं ते उद्या येऊन विचारा म्हणाले. वरीचे तांदूळ टाकू का? उपासाचे?"

"भाकरी हाय का सकाळची?"

ती माझ्याकडे बघत राहते. "ज्वारीची? आत्या, अजून चंद्र..."

"सोडला मी उपास."

"आजचा?"

"आजचा बी आणि पुढचा बी."

ती उठते. भाकरी आणते, मटकीची उसळ गरम करते, ताट माझ्यासमोर फरशीवरच ठेवते आणि स्वतः पुढ्यात बसते. मी पहिला तुकडा मोडते. चावायला वेळ लागतो, पण चावते. ती पदरानं माझा गळा पुसायला लागते आणि मधेच थांबते.

"हे काय चिकटलंय?" ती माझ्या मानेवरून काहीतरी चिमटीत उचलते. "शेंगदाण्याचं साल दिसतंय. शेंगदाणे कुठून आणलेत? आपले तर परवाच संपले."

मी हात पुढं करते. ती ते माझ्या तळव्यावर ठेवते. पातळ लाल साल आहे, भाजल्यानं कडेला काळपट झालेलं. घामानं ओलं आहे, तरी बोट लावल्यावर चुरतं.

मी मूठ मिटते, आणि दुसऱ्या हातानं भाकरीचा पुढचा तुकडा मोडते.