तेओफिलचा उजवा हात

पॅरिसच्या वोजिरार भागात तेओफिल लोर्मेलने एकतीस वर्षं प्लास्टर कालवलं. शिल्पकार मातीत मूर्ती घडवायचे. तेओफिल तिच्यावर प्लास्टर चढवून साचा काढायचा, आतली माती खरवडून टाकायचा, त्या पोकळीत नवं प्लास्टर ओतायचा आणि मग छिन्नीने साचा फोडून मूर्ती मोकळी करायचा. साच्याचा आतला थर तो निळसर ठेवी. निळं दिसलं की मूर्ती जवळ आली, हात आवरायचा. त्याच्याकडून कधी कुठल्या नाकाचा टवकाही उडाला नव्हता.

१९१६ साली त्याचा एकुलता मुलगा आशील आघाडीवर गेला. सतरा वर्षांचा होता, बापाच्या सहीशिवाय त्याला कोणी भरती करून घेईना. आठ दिवस त्याने घरात धोशा लावला, जेवण टाकलं. सही करायची नाही, असं त्याच्या आईने, ओनोरीनने, बजावलं होतं. तेओफिलने एका सकाळी जाऊन केली. पाच महिन्यांनी आशील गेल्याचा कागद आला. देह काही सापडला नाही.

ओनोरीनने अंथरूण धरलं. तेओफिल दुसऱ्याच दिवशी कामावर गेला, आणि ते तिच्या मनात सलत राहिलं. पुढे घरात सूप वाढलं जाई, कपडे धुतले जात, पण मुलाचं नाव कोणी काढत नसे.

युद्ध संपल्यावर वर्षभराने ओदील वेर्नू या शिल्पकार बाईने त्याला बोलावलं; तिचे साचे तो युद्धाच्या काळातही काढत आला होता. उत्तरेकडच्या एका गावाने हुतात्म्यांच्या स्मारकाचं काम तिला दिलं होतं. तेओफिल आणि त्याचा जोडीदार गास्तों यांनी मूर्तीवरची ओली फडकी काढली.

उतारवयाचा एक माणूस उभा होता, अंगावर काही नाही. चेहरा नुसता सुचवलेला. मान खाली, पाठ मधूनच खचलेली. उजवा हात मात्र अंगापासून दूर धरलेला, बोटं फाकलेली, जणू कुणी दुसऱ्याची वस्तू सांभाळायला दिली आहे.

ती पाठ तेओफिलची, हे गास्तोंने लगेच ओळखलं. "लोर्मेलबाबा, निदान विजार तरी मागून घ्यायचीत."

तेओफिल हसला नाही. "हा हात असा का, बाई?"

"तुम्ही तो तसाच धरता, लोर्मेलबाबा," ओदील म्हणाली. "तीन वर्षं बघतेय मी. का धरता, ते मला ठाऊक नाही. न विचारता केलं, रागावला असाल तर मोडून टाकते."

त्याने प्लास्टर भिजवायला घेतलं. पुढे साचा फोडताना बाकीची मूर्ती नेहमीच्या वेगाने निघाली. त्या एका हाताला त्याने दोन दिवस घेतले.

गावची मंडळी मूर्ती बघायला आली. त्यांना झेंडा घेतलेला जवान हवा होता. आमच्या गावात असं वाकलेलं कोणी नाही, असं त्यांचा म्होरक्या म्हणाला, आणि मग बराच वेळ टोपी हातात फिरवत राहिला. काम दुसऱ्याला गेलं.

गास्तोंची जीभ कुठली गप्प बसते? तुझा नवरा वेर्नूबाईच्या कारखान्यात नागडा उभा आहे, हे ओनोरीनला पाववाल्याच्या दुकानात कळलं. शनिवारी दुपारी ती भांडायच्या तयारीनेच आली. मूर्तीसमोर उभी राहिली, मग मागे गेली, पाठीकडे बघत राहिली.

"मला वाटलं होतं, तुला काहीच झालं नाही," ती म्हणाली.

"सही याच हाताने केली," तेओफिल म्हणाला.

"माहीत आहे मला."

तिने त्याला माफ केलं नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. पण संध्याकाळी सूप वाढताना ती म्हणाली, आशील कांद्याच्या पातीचे तुकडे निवडून ताटाच्या कडेला ठेवायचा, किती ओरडले असेन मी त्याला. तेओफिलने चमचा खाली ठेवला आणि तो रडला, तीन वर्षांत पहिल्यांदा. तिने त्याला थांबवलं नाही. खिडकी तेवढी लावून घेतली, शेजारच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून.

त्यानंतर ती दोघं मुलाबद्दल बोलू लागली, रोज थोडं थोडं. ते त्यांना दोनच हिवाळे लाभलं. मग ओनोरीनच्या छातीत कफ साचला आणि ती गेली. दुसऱ्या दिवशी तेओफिल कामावर गेला नाही. गास्तों बघायला आला, तेव्हा तो टेबलाशी बसून होता आणि गास्तोंला त्याने आशीलच्या जन्माच्या दिवसापासून सगळं सांगायला सुरुवात केली.