वीस मिनिटांचा वारा

मिसिसिपीतल्या त्या लहानशा गावात, काळ्यांच्या चर्चमध्ये, वर्लीन टब्ज दर रविवारी नर्स व्हायची. पांढरा झगा, पांढरे हातमोजे, पांढरी टोपी; पण हयात गेली शाळेच्या स्वयंपाकघरात. गाणं रंगात आलं, पवित्र आत्मा अंगात संचारला आणि माणूस कोसळलं, की त्याचा चष्मा काढायचा, गुडघ्यांवर चादर टाकायची आणि पुठ्ठ्याच्या पंख्याने वारा घालायचा. आमच्यात हे मानाचं काम.

दोन वर्षांपूर्वी तिची जिवलग मैत्रीण ओला मे तिसऱ्या बाकावरून घसरली. वर्लीनने चादर टाकली, वारा घातला. लोक टाळ्या वाजवत गात राहिले. तो आत्मा नव्हता, मेंदूत गुठळी अडकली होती. ओला मेची उजवी बाजू गेली, वाचा गेली; समजतं मात्र सगळं.

दुधाने पोळलेली वर्लीन तेव्हापासून ताकही फुंकून प्यायला लागली. तिने रक्तदाबाचं यंत्र आणलं, चार बायकांना तयार केलं आणि चर्चच्या दाराशी टेबल टाकलं. दंड पुढे केल्याशिवाय आत प्रवेश नाही. ही आता देवाचीही नाडी बघणार, असं म्हणत म्हातारे बाह्या वर करायचे. गावातलं इस्पितळ केव्हाच बंद पडलं होतं, दुसरं चाळीस मैलांवर.

त्या रविवारी ओला मेची मुलगी शार्लसेटा टेबलाशी आली. आठवा महिना, पाय सुजलेले. वरचा आकडा एकशे बहात्तर, खालचा एकशे दहा. थांबून पुन्हा मोजला तरी तेच. नऊ दिवस डोकं ठणकत होतं. ती दोनदा त्या लांबच्या इस्पितळात जाऊन आली होती. पाणी पी, पाय वर ठेव, एवढं सांगून त्यांनी वाटेला लावलं होतं. गोऱ्या बाईचं डोकं दुखलं की तिची तपासणी होते, आमच्या बाईचं दुखलं की ती कांगावखोर ठरते. संताप येतो, दुसरं काय.

वर्लीन तिला चर्चमधल्या, मुलांच्या रविवारच्या शाळेच्या खोलीत घेऊन गेली आणि गाडी काढते म्हणाली. शार्लसेटा हलेना.

"तिसऱ्यांदा शोभा करून घ्यायला नाही जायचं मला, मावशी. जे व्हायचं ते घरी होऊ दे."

वर्लीनने हातमोजे काढले. दोन वर्षं ती दर गुरुवारी ओला मेचे केस विंचरत होती आणि दर गुरुवारी तोंडाशी आलेलं गिळत होती.

"तुझी आई पडली ना, तेव्हा तिचं तोंड वाकडं झालेलं मला दिसलं होतं," ती म्हणाली. "मला वाटलं, देवच आलाय. वीस मिनिटं वारा घातला मी. ते डॉक्टर तुझं ऐकत नाहीत, पण मी तर डोळ्यांनी बघूनही बघितलं नाही. आता पुन्हा नाही गं होणार माझ्याच्याने."

शार्लसेटा उठली आणि गाडीत मागच्या सीटवर जाऊन बसली.

इस्पितळात खिडकीतल्या बाईने, बसा, बोलावतील, म्हणून सांगितलं. वर्लीन बसली नाही. तिने आकड्यांची चिठ्ठी पुढे सरकवली.

"मग यावर लिहून द्या, हा आकडा बघूनही थांबायला सांगितलं म्हणून. वेळ घाला, खाली सही करा."

बाईने चिठ्ठी वाचली, वर्लीनकडे पाहिलं आणि फोन उचलला. दहा मिनिटांत शार्लसेटाला आत नेलं. संध्याकाळी मुलगी झाली, मुठीएवढी, पण रडणारी. आणखी एक दिवस गेला असता तर दोघीही हातच्या गेल्या असत्या, असं डॉक्टर म्हणाले. नऊ दिवसांबद्दल मात्र कुणी काही बोललं नाही.

वर्लीन खाटेजवळ गेली. शार्लसेटाचे ओठ सुकले होते. वर्लीनने पाण्याचा पेला पुढे केला, तो तिने घेतला.

"आईला त्या वीस मिनिटांचं माहीत आहे?"

वर्लीनने मान हलवली. नाही.

"गुरुवारी जाशील तेव्हा सांग तिला," शार्लसेटा म्हणाली. "मी नाही सांगणार. आणि केस विंचरायच्या आधी सांग. तिला तुझा हात नको झाला, तर तिला बोलून दाखवता यायचं नाही."