रागीच्या पिशव्यांचे डंबेल

विठोजी थकले होते. किती, तर संध्याकाळी घरी आल्यावर वाकून चप्पल काढायचंही त्यांच्या जिवावर यायचं. दिवसभर यशवंतपूरच्या होलसेल मार्केटात एका धान्याच्या दुकानी काट्यापाशी उभं राहायचं, मल्लेश्वरमला परतायचं, बायकोपाशी दिवसभर बसणाऱ्या, तिचं दुपारचं ताट आणणाऱ्या शेजारच्या रत्नाबाईंना "उपकार झाले अक्का" म्हणून मोकळं करायचं आणि मग कृष्णाबाईंचं सगळं बघायचं. कृष्णाबाई त्यांच्या बायको. अर्धांगवायूनं त्यांची डावी बाजू गेली होती. जीभ मात्र शाबूत होती, आणि पूर्वीइतकीच तिखट.

न्हाणं-माखणं काय, माणूस करतो हो. पण पलंगावरून खुर्चीत उचलून ठेवायची वेळ आली की विठोजी आधी दोनदा खुर्ची सरकवून बघायचे. दसऱ्याच्या आसपास एकदा कृष्णाबाई त्यांच्या हातून सुटल्या. हाड मोडलं नाही, पण कपाळाला खोक पडली, आणि एचएसआर लेआउटहून मुलगा अभिराज धावत आला.

"अप्पा, बस्स झालं आता," तो म्हणाला. "एक चांगलं केंद्र बघितलंय मी. रात्रंदिवस माणसं असतात. आईला तिथं ठेवू."

पोरगा वाईट नव्हता. त्याला बापाचीही काळजी होती, म्हणून तर त्याच्यावर ओरडायचीही सोय नव्हती. "संक्रांतीपर्यंत थांब," विठोजी कसेबसे म्हणाले. "तोवर मला हिला नीट उचलता आलं नाही, तर तू म्हणशील तसं." कृष्णाबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या.

अभिराजनं कधीकाळी हौसेनं घेतलेले डंबेल आणून दिले. एक जोडी दोन किलोंची, एक पाचांची. कृष्णाबाईंना व्यायाम द्यायला हर्षिता नावाची फिजिओथेरपिस्ट मुलगी यायची, तिनं विठोजींनाही पाय आणि हात कसे वापरायचे ते दाखवलं. दोनाची जोडी लवकरच सोपी झाली. मोठ्या उत्साहानं त्यांनी पाचाची उचलली, तर खांद्यातून अशी कळ गेली की बाबा रे!

"एकदम उडी नको अंकल," हर्षिता म्हणाली. "स्वल्प स्वल्प वाढवा. आठवड्याला शंभर ग्रॅम पुरे."

आता शंभर ग्रॅम आणायचे कुठून? चिकटवायची छोटी चुंबकी वजनं मिळतात म्हणे. विठोजींनी मोबाइलवर त्यांची किंमत बघितली आणि मोबाइल पालथा ठेवला. मग सुरू झाले घरगुती उद्योग. पाण्याच्या बाटल्या बांधल्या, तर पाणी डुचमळून हात भलतीकडेच जायचा. लोखंडी वायसर दोरीत ओवले, ते खणखणत मनगटावर आपटायचे. वाळू भरली, ती शिवणीतून गळून अंथरुणात गेली आणि कृष्णाबाईंनी रात्रभर डोकं खाल्लं. शेवटी जुन्या पँटच्या जाड कापडाच्या चिमुकल्या पिशव्या शिवल्या, दुकानात वजन करून त्यात रागी, म्हणजे आपली नाचणी भरली, आणि दोन किलोंच्या डंबेलच्या दोन्ही टोकांना सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं आवळून टाकल्या. दोन्हीकडे सारखंच, पन्नास-पन्नास ग्रॅम वजन हवं, नाहीतर मनगट कलतं. ही युक्ती मात्र झकास जमली.

"अगबाई, डंबेलला टोपडी घातली की काय!" कृष्णाबाई म्हणाल्या. कितीतरी दिवसांनी त्या हसल्या होत्या.

पण हात काही वर जाईना. पहिला आठवडा बरा गेला, दुसऱ्याला दंड भरून आले, तिसऱ्याला भरलेली बादली उचलायचीही चोरी. विठोजींचा जीव मेटाकुटीला आला. शंभर ग्रॅम म्हणजे काय, दोन-तीन लिंबं! तेवढीही पेलत नाहीत, तर मग संपलंच आपलं, असं त्यांना वाटू लागलं. एकदा तर अभिराजला फोन करून "ठेव बाबा आईला तिकडे" म्हणायला त्यांनी नंबरही लावला, आणि घंटा वाजायच्या आत बंद केला.

दुसऱ्या दिवशी ते पुढच्या आठवड्याच्या पिशव्या भरत बसले होते. निपाणीकडचा गुंडू त्यांच्याच दुकानात पोती उचलायचा. तो तंबाखू मळत उभा राहून बघत होता, आणि एकदम ठसकाच लागला त्याला.

"ओ अण्णा, काय करायलाय? स्वतःलाच कोसरू?"

आता हा कोसरू म्हणजे काय, तर वजन झालं की गिऱ्हाइकाच्या पिशवीत वरून टाकायची फुकटची मूठ. ती टाकल्याशिवाय तिथलं गिऱ्हाईक हलत नाही. विठोजींचा हात जन्मभर ती मूठ टाकत आलेला. काट्यावर पन्नास ग्रॅम नेमके झाले की डावा हात आपसूक पोत्यात जायचा आणि मूठ वरून पिशवीत! विठोजींनी भरलेली पिशवी गुंडूनं परत काट्यावर ठेवली. दुप्पट भरली. म्हणजे गेले तीन आठवडे हा गृहस्थ दुप्पट वजन वाढवत होता आणि स्वतःच्या म्हातारपणाला शिव्या घालत होता. गुंडू पोट धरधरून हसला. विठोजीही हसले, पण त्यांना तिथंच पोत्यावर आडवं व्हावंसं वाटत होतं.

सगळ्या पिशव्या उसवून त्यांनी पुन्हा भरल्या, या खेपेला डावा हात खिशात घालून. मग जमत गेलं. कंटाळा होताच; सकाळी उठून ते धूड हातात घ्यायचं म्हणजे नको नको व्हायचं. पण घेत राहिले.

संक्रांतीला अभिराज तीळगूळ घेऊन आला. त्याच्यासमोर विठोजींनी गुडघे वाकवले, कृष्णाबाईंच्या काखेखाली हात घातले आणि त्यांना अलगद खुर्चीत आणून बसवलं. धाप नाही, थरथर नाही.

"सरी, ठीक आहे अप्पा," अभिराज डोळे पुसत म्हणाला. "राहू दे आईला घरीच."

तो गेल्यावर विठोजींनी कृष्णाबाईंना परत पलंगावर घ्यायला हात घातले. या वेळी घाई नव्हती, कुणी बघत नव्हतं. रोजच्या न्हाऊ घालण्याच्या धांदलीत लक्षात न आलेली बरगडी न बरगडी बोटांना लागली. विठोजी तसेच वाकलेले राहिले.

"हे काय गं? जेवत नाहीस तू?"

"जेवते की. रात्री तुमच्यासमोरच तर जेवते."

"आणि दुपारी?"

कृष्णाबाईंनी मान वळवली. "दुपारचं परत पाठवते. रत्नाबाईला शपथ घातलीय, तिला बोलू नका. तुम्ही तिकडं स्वल्प स्वल्प वाढवत होता. मला पडल्या पडल्या दुसरं काय करता येणार होतं?"

विठोजींना संताप आला, रडू आलं, आणि दोन्ही करायचं त्राण नव्हतं. त्यांनी तिला खुर्चीतच राहू दिलं. आत जाऊन होता नव्हता तो सगळा भात ताटात घेतला, वर सारू ओतलं, आणि समोर स्टूल ओढून बसले.

"एवढं खाऊन मी पुन्हा जड होईन," कृष्णाबाई म्हणाल्या. "पुन्हा सुटेन हातातून. मग तो नेईल मला."

"खुशाल हो जड," विठोजी म्हणाले. "अशीच वाळत गेलीस तर न्यायला तरी काय उरणार आहे?"

त्यांनी घास कालवून तिच्या तोंडाशी धरला. तिनं तोंड उघडलं.